मदत हवी आहे, हे अर्जातच सांगा

पत्र : मी सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. माझी मुलगी अकरावी विज्ञान शाखेत शिकते. तिला भौतिकशास्त्रातील पदवी अमेरिकेत घ्यायची आहे आणि तिची तयारी पाहता तिला सरळ नाही म्हणणे मला जड जाते. आमचे वार्षिक उत्पन्न सुमारे ११ लाख रुपये आहे, बचत १४ लाखांची आहे आणि दोन भावांसह सामाईक अडीच एकर शेती आहे. पुण्यातील एका सल्लागाराने बारा विद्यापीठांची यादी दिली असून, ‘आर्थिक मदत हवी असे अर्जात लिहू नका, त्यामुळे प्रवेश नाकारला जातो, आधी प्रवेश घ्या, पहिल्या वर्षानंतर शिष्यवृत्ती मिळते’, असे सांगितले आहे. न्यू जर्सीत असलेला माझा चुलतभाऊ म्हणतो की कर्ज काढ, नोकरी लागली की दोन-तीन वर्षांत फिटते. आम्ही कोणती महाविद्यालये निवडावीत? शेतीतील हिस्सा विकण्याचा विचार करावा का? – एक पालक

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

सल्लागाराच्या सूचनेविषयी सर्वांत आधी लिहिते, कारण ती सूचना पाळली तर आपल्या बाकीच्या प्रश्नांना अर्थच उरणार नाही. आर्थिक मदत हवी असताना ती नको असे अर्जात लिहू नका. स्टॅनफर्डसह अनेक नामांकित विद्यापीठांचा नियम असा आहे की, परदेशी विद्यार्थ्याने प्रवेशाचा अर्ज करतानाच मदत मागितली नसेल, तर पुढील चारही वर्षांत त्याला ती मागता येत नाही. ‘पहिल्या वर्षानंतर शिष्यवृत्ती मिळते’ हे आश्वासन या नियमापुढे टिकत नाही. शिवाय गाडी त्याही आधी अडते. प्रवेश मिळाल्यावर व्हिसासाठी महाविद्यालयाकडून आय-२० नावाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि ते देण्यापूर्वी महाविद्यालय पहिल्या वर्षाच्या संपूर्ण खर्चाचा पुरावा मागते. नामांकित खासगी महाविद्यालयांत शिकवणी शुल्क, राहणे, जेवण, पुस्तके आणि आरोग्य विमा धरून हा खर्च आता वर्षाला ८५ ते ९५ हजार डॉलरच्या घरात गेला आहे. डॉलरचा भाव ८८ रुपये धरला, तर ९० हजार डॉलर म्हणजे सुमारे ७९ लाख रुपये होतात. आपली सगळी बचत १४ लाखांची आहे. म्हणजे हाती आलेला प्रवेश सोडून देण्यावाचून आपल्यापुढे मार्ग राहणार नाही आणि त्या दुःखाचा वाटा मुलीच्या पदरी अधिक येईल.

सल्लागाराच्या बोलण्यात अर्धे सत्य आहे, आणि म्हणूनच ते पटते. परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली की प्रवेश अवघड होतो, हे काही महाविद्यालयांबाबत खरे आहे आणि काहींबाबत मुळीच खरे नाही. या फरकाला तिकडे ‘नीड-ब्लाइंड’ आणि ‘नीड-अवेअर’ असे शब्द आहेत. आपल्या मुलीची यादी याच फरकावर उभी राहायला हवी.

नीड-ब्लाइंड म्हणजे प्रवेशाचा निर्णय घेताना विद्यार्थ्याची आर्थिक स्थिती पाहिलीच जात नाही. परंतु येथे एक काळजी घ्यावी लागते. शेकडो अमेरिकी महाविद्यालये स्वतःला नीड-ब्लाइंड म्हणवतात, मात्र त्यांचे ते धोरण बहुधा अमेरिकी नागरिकांपुरते असते. परदेशी अर्जदारांनाही तेच धोरण लागू करून, निवडलेल्या प्रत्येकाची संपूर्ण गरज भागवणारी महाविद्यालये मोजकीच आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि ॲम्हर्स्ट ही त्यांतील जुनी नावे. २०२२ मध्ये डार्टमथ आणि बोडन यांनी हे धोरण स्वीकारले, तर अलीकडे ब्राउन, नोत्र दाम आणि वॉशिंग्टन अँड ली यांनी. हार्वर्डने २०२५-२६ पासून वार्षिक १ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी शिक्षण, निवास आणि भोजन हे सर्वच विनामूल्य केले आहे. आपले ११ लाख रुपये म्हणजे सुमारे साडेबारा हजार डॉलर. तेव्हा प्रवेश मिळाला तर तेथे पैशाचा प्रश्न राहत नाही. अवघड आहे तो प्रवेशच. एमआयटीत परदेशी अर्जदारांपैकी शंभरात दोन-तीन जणांना प्रवेश मिळतो आणि नाकारल्या गेलेल्यांत ऑलिम्पियाडची पदके मिळवलेली मुलेही असतात. या गटातील दोन किंवा तीन नावे यादीत अवश्य ठेवावीत. मात्र संपूर्ण यादी त्यांचीच करणे शहाणपणाचे ठरणार नाही.

दुसरा गट नीड-अवेअर महाविद्यालयांचा. ही महाविद्यालये परदेशी विद्यार्थ्याची निवड करताना त्याला किती मदत द्यावी लागेल हे पाहतात, कारण त्यांच्याकडे परदेशी विद्यार्थ्यांसाठी राखलेला निधी मर्यादित असतो. परंतु त्यांच्यातील चांगली महाविद्यालये एकदा प्रवेश दिल्यावर विद्यार्थ्याला अर्ध्या वाटेवर सोडत नाहीत. त्याची जितकी गरज सिद्ध होते तितकी सगळी भागवतात. ग्रिनेल, मॅकॅलेस्टर, व्हॅसर, विल्यम्स, स्वार्थमोर, पोमोना, माउंट होल्योक, स्मिथ, ब्रिन मॉर ही त्यांतील काही. मोठ्या विद्यापीठांपैकी स्टॅनफर्ड, कोलंबिया, कॉर्नेल, ड्यूक हीदेखील याच गटात मोडतात. कॉर्नेलचा उल्लेख मुद्दाम करते, कारण टाटा समूहाच्या न्यासाने २००८ मध्ये तेथे भारतीय पदवी विद्यार्थ्यांसाठी अडीच कोटी डॉलरचा शिष्यवृत्ती निधी दिला आहे. भारतात शालेय शिक्षण झालेल्या आणि आर्थिक मदत मागणाऱ्या विद्यार्थ्यांमधूनच तिचे मानकरी निवडले जातात. मदत नको असे लिहिणारी मुलगी त्या निवडीत येतच नाही.

तिसरा गट सरकारी राज्य विद्यापीठांचा. आपण सोबत जोडलेल्या यादीतील बारापैकी आठ नावे याच गटातील आहेत. ही विद्यापीठे शिक्षणाच्या दृष्टीने उत्तम आहेत, भौतिकशास्त्रात तर त्यांतील काही जगात अग्रगण्य आहेत. परंतु ती त्या-त्या राज्याच्या करदात्यांच्या पैशावर चालतात आणि परदेशी पदवी विद्यार्थ्यांकडे शुल्क भरणारे विद्यार्थी म्हणूनच पाहतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीसारख्या शाखेत परदेशी पदवी विद्यार्थ्याला गरजेवर आधारित मदत मिळत नाही, उलट राज्याबाहेरचा म्हणून त्याच्याकडून वाढीव शुल्क घेतले जाते. ही आठही नावे काढून टाकावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. काही विद्यापीठे प्रत्येक विद्यार्थ्यामागे परदेशातील सल्लागारांना दलाली देतात, हेही आपल्याला माहीत असलेले बरे.

आता आपल्या चुलतभावांच्या सल्ल्याविषयी. त्यांचा हेतू चांगला आहे आणि त्यांच्यापुरता तो अनुभव खराही असेल. पण आपल्या नात्यागोत्यातील अमेरिकेची बहुतेक माहिती एमएस करायला गेलेल्यांकडून आलेली असते. ओपन डोअर्स या अहवालानुसार २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. त्यांपैकी १,९६,५६७ पदव्युत्तर शिक्षण घेत होते, तर पदवीचे शिक्षण घेणारे केवळ ३६,०५३. एमएस दीड-दोन वर्षांचे असते, विद्यार्थी अभियंता होऊन गेलेला असतो आणि संगणक क्षेत्रातील नोकरी डोळ्यांपुढे ठेवून तो कर्ज काढतो. आपली मुलगी चार वर्षांची पदवी घेणार, तीही भौतिकशास्त्रात, आणि त्यानंतर बहुधा पीएचडीकडे वळणार. म्हणजे कर्ज दुप्पट काळ साचत जाईल आणि कमाई उशिरा सुरू होईल. त्यातच शिक्षणानंतर अमेरिकेत नोकरी करू देणाऱ्या नियमांचा भरवसा राहिलेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बी व्हिसाच्या अनेक नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले, हे आपण वाचलेच असेल. तिकडच्या नोकरीच्या भरवशावर इकडे पदवीसाठी कोटीभर रुपयांचे कर्ज काढू नये.

शेतीचा प्रश्न यात आपोआप येतो. थकलेल्या कर्जासाठी बँकांना तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली शेतजमिनीवर जप्ती आणता येत नसल्यामुळे शैक्षणिक कर्जासाठी बँका ती सहसा तारण म्हणून घेत नाहीत. त्यामुळे गहाण ठेवण्याची गोष्ट सोडून अनेक कुटुंबे थेट विक्रीच्या विचाराला लागतात. आपण तो विचार करू नका. सामाईक अडीच एकरांतील आपला हिस्सा एकराहूनही कमी भरतो, आणि तो विकून हाती येणारी रक्कम पूर्ण शुल्क आकारणाऱ्या महाविद्यालयात चार वर्षे पुरणार नाही. उलट ज्या महाविद्यालयांची नावे मी वर दिली आहेत, तेथे तो विकण्याची गरजच पडू नये अशी त्यांच्या मदतीची रचना असते.

‘शिष्यवृत्ती मिळाली’ या वाक्याने मात्र फार घरे फसलेली मी पाहिली आहेत, म्हणून त्यातील हिशेब येथे मांडते. समजा, एखाद्या मध्यम दर्जाच्या खासगी विद्यापीठाने गुणवत्तेवर वर्षाला ३० हजार डॉलरची शिष्यवृत्ती देऊ केली. गावात पेढे वाटण्यासारखीच ती गोष्ट आहे. पण तेथील वर्षाचा एकूण खर्च ६२ हजार डॉलर असेल, तर उरलेले ३२ हजार डॉलर आपल्याला भरायचे असतात. ते ८८ रुपयांच्या भावाने २८ लाख १६ हजार होतात आणि चार वर्षांचे १ कोटी १२ लाखांच्या पुढे जातात. त्यात शुल्क दरवर्षी वाढते, डॉलरही चढतो; शिष्यवृत्तीची रक्कम मात्र बहुधा चारही वर्षे तीच राहते. म्हणून कोणत्याही प्रस्तावात मिळाले किती हे न पाहता भरायचे किती उरले हे पाहावे. अर्ज पाठवण्यापूर्वीच घरात बसून, शक्यतो मुलीसमोर, वर्षाला जास्तीत जास्त किती रुपये देता येतील याचा आकडा कागदावर लिहून ठेवावा. आपल्या उत्पन्नात हा आकडा दीड-दोन लाखांच्या पलीकडे नसावा, असे मला वाटते. कारण विमानप्रवास, थंडीचे कपडे आणि सुटीत वसतिगृह बंद असताना होणारा राहण्याचा खर्च या गोष्टी त्याच्या वर येतात, आणि १४ लाखांची बचत घरातील आजारपणालाही लागते.

महाविद्यालय परदेशी विद्यार्थ्यांना खरोखर किती मदत करते, हे त्याच्या माहितीपत्रकावरून समजत नाही. त्यासाठी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा दस्तऐवज पाहावा. बहुतेक महाविद्यालये तो दरवर्षी आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. महाविद्यालयाचे नाव आणि हे शब्द एकत्र शोधले की सापडतो. त्यातील ‘एच’ विभागात सहाव्या क्रमांकाखाली, किती परदेशी पदवी विद्यार्थ्यांना महाविद्यालयाने स्वतःच्या निधीतून मदत दिली आणि प्रत्येकी सरासरी किती डॉलर दिले, हे लिहिलेले असते. ‘बी’ विभागात परदेशी विद्यार्थ्यांची एकूण संख्या असते. हे दोन आकडे शेजारी ठेवा. समजा, एका महाविद्यालयात २५० परदेशी विद्यार्थी आहेत, त्यांतील १८० जणांना सरासरी ६५ हजार डॉलर मिळतात. दुसरीकडे २,००० परदेशी विद्यार्थी आहेत, त्यांतील ३०० जणांना सरासरी १२ हजार मिळतात. दुसऱ्याचे नाव कितीही मोठे असले, तरी आपल्यासाठी पहिलेच योग्य. आपण शिक्षक आहात, आकड्यांचे तक्ते वाचण्याची आपल्याला सवय आहे. एका रविवारी मुलीला सोबत घेऊन वीस महाविद्यालयांचे हे आकडे वहीत उतरवून काढले, तर यादीचे बरेचसे काम त्यातच होऊन जाईल. महाविद्यालयांच्या संकेतस्थळावर खर्चाचा अंदाज देणारी गणकयंत्रेही असतात, परंतु त्यांतील बहुतेक अमेरिकी कुटुंबांसाठी बनवलेली असल्याने त्यांच्या उत्तरावर विसंबू नये.

ग्रिनेल किंवा ब्रिन मॉर ही नावे आपल्या शेजाऱ्यांनी ऐकलेली नसतील आणि त्यामुळे आपल्यालाही शंका येईल, हे मी समजू शकते. ही लहान महाविद्यालये आहेत. दीड-दोन हजार विद्यार्थी, बहुतेक ठिकाणी पीएचडीचे विद्यार्थी नाहीत, आणि त्यामुळे प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत काम करण्याची संधी पदवीच्या विद्यार्थ्यांनाच मिळते. भौतिकशास्त्रात पुढे संशोधन करू इच्छिणाऱ्या मुलीला दुसऱ्या वर्षापासून असे काम मिळणे आणि तिला नीट ओळखणाऱ्या प्राध्यापकाचे शिफारसपत्र मिळणे, याला फार मोल आहे. लहान महाविद्यालयात वरच्या पातळीचे विषय कमी असतील ही शंका रास्त आहे, म्हणून शेजारच्या संस्थांशी त्याचा काय करार आहे हे पाहावे. माउंट होल्योक, स्मिथ आणि ॲम्हर्स्ट येथील विद्यार्थ्यांना मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲम्हर्स्ट शाखेतील विषय घेता येतात, तर ब्रिन मॉरच्या विद्यार्थिनींना हॅवरफर्ड, स्वार्थमोर आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील. माउंट होल्योक, स्मिथ आणि ब्रिन मॉर ही महिला महाविद्यालये आहेत. आपली मुलगी त्यांचा विचार करायला तयार असेल, तर ती तिन्ही यादीत घ्यावीत, असे मी आग्रहाने सुचवते. केंटकी राज्यातील बेरिया महाविद्यालयाचीही माहिती काढावी. ते कोणत्याही विद्यार्थ्याकडून शिकवणी शुल्क घेत नाही, मात्र प्रत्येकाला आठवड्यातून किमान दहा तास महाविद्यालयात काम करावे लागते.

नीड-अवेअर गटातील एखादे महाविद्यालय मुलीला मनापासून आवडले, तर तेथे ‘अर्ली डिसिजन’ या पद्धतीने, म्हणजे साधारण १ किंवा १५ नोव्हेंबरच्या मुदतीत अर्ज करावा. ही पद्धत बंधनकारक असते आणि एकाच ठिकाणी वापरता येते. परंतु देऊ केलेली मदत खरोखर अपुरी असेल, तर कारण दाखवून त्या बंधनातून मोकळे होता येते. गरज पूर्ण भागवणाऱ्या महाविद्यालयाखेरीज अन्य कोठेही ही पद्धत वापरू नये.

अर्जातील आर्थिक भाग आपणच भरायचा आहे, आणि तो मनापासून भरावा. अमेरिकी सरकारचा फाफ्सा हा अर्ज परदेशी विद्यार्थ्यांसाठी नसतो. बहुतेक खासगी महाविद्यालये कॉलेज बोर्डाचा ‘सीएसएस प्रोफाइल’ मागतात. तो १ ऑक्टोबरपासून भरता येतो आणि त्याचे शुल्क पहिल्या महाविद्यालयासाठी २५ डॉलर व पुढील प्रत्येकासाठी १६ डॉलर असते. दहा महाविद्यालयांचे १६९ डॉलर म्हणजे जवळपास १५ हजार रुपये होतात. महाविद्यालयाच्या आर्थिक मदत कार्यालयाला ईमेलने परिस्थिती कळवली, तर काही ठिकाणी शुल्कमाफी मिळते, काही ठिकाणी त्यांचा स्वतःचा विनामूल्य अर्ज चालतो. विचारण्यात संकोच बाळगू नका. त्या कार्यालयाचे ते रोजचे काम आहे.

या अर्जात आपल्याला सर्वांत जास्त अडचण येईल ती सामाईक जमिनीची. सातबाऱ्यावर तीन भावांची नावे असतील आणि वाटणी झालेली नसेल, तर अर्जातील मालमत्तेच्या रकान्यात काय लिहावे हे कळत नाही. काही पालक घाबरून जमीन दाखवतच नाहीत, काही संपूर्ण अडीच एकरांची किंमत स्वतःच्या नावावर लिहून मोकळे होतात. दोन्ही चूक आहे. आपल्या वाट्याची अंदाजे किंमत लिहावी आणि विशेष परिस्थितीसाठी दिलेल्या जागेत साध्या इंग्रजीत चार वाक्ये जोडावीत: जमीन वडिलोपार्जित आहे, तिच्यावर तीन कुटुंबांचा समान हक्क आहे, इतर हिस्सेदारांना डावलून ती सहज विकता येत नाही आणि तिच्यातून गेल्या वर्षी आपल्या वाट्याला इतके उत्पन्न आले. सोबत सातबारा उताऱ्याचे इंग्रजी भाषांतर, फॉर्म १६, प्राप्तिकर विवरणपत्र आणि लागल्यास तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला ठेवावा. आजी-आजोबांच्या औषधपाण्याचा खर्च आपण करत असाल, तर तोही येथेच लिहावा. प्रत्येक कागदातील आकडा दुसऱ्याशी जुळला पाहिजे. २०२४ मध्ये एका भारतीय विद्यार्थ्याने खोट्या कागदपत्रांवर पूर्ण मदत मिळवल्याचे उघड झाले, त्याला अटक झाली आणि भारतात परतावे लागले. आपल्यासारख्या खऱ्या गरजू कुटुंबाने कागद चोख ठेवणे त्यामुळे अधिकच महत्त्वाचे आहे.

शाळेकडून लागणाऱ्या कागदांची तयारी मात्र आत्तापासूनच करायला हवी. अमेरिकी महाविद्यालये नववी ते बारावी अशा चार वर्षांचे गुण मागतात. नववी-दहावीचे शाळेकडून आणि अकरावी-बारावीचे कनिष्ठ महाविद्यालयाकडून. शिवाय मुलीला शिकवणाऱ्या दोन शिक्षकांची शिफारसपत्रे लागतात. आपली मुलगी नावापुरती एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयात आणि प्रत्यक्षात दिवसभर खासगी क्लासमध्ये असेल, तर तिच्याविषयी दोन ओळी लिहू शकेल असा शिक्षकच महाविद्यालयात नसतो. तसे असेल तर बारावीत तरी तिने भौतिकशास्त्राच्या आणि गणिताच्या तासांना नियमित बसावे आणि त्या शिक्षकांशी बोलावे. एमआयटी, हार्वर्ड, डार्टमथ, ब्राउन यांनी सॅट परीक्षा पुन्हा सक्तीची केली आहे. तीही बारावीच्या ऑगस्टपर्यंत देऊन झालेली बरी. मुंबईतील युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशनच्या केंद्रात अमेरिकी शिक्षणाविषयी अधिकृत मार्गदर्शन मिळते. सल्लागाराला मोठी रक्कम देण्यापूर्वी तेथे संपर्क साधावा. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडी शिक्षणासाठी आहे, पदवीसाठी नाही. त्यामुळे या टप्प्यावर तिचा हिशेब धरू नये.

निकाल साधारण मार्चअखेरीस लागतात आणि १ मेपर्यंत उत्तर द्यायचे असते. मदतीचे पत्र आले की त्यातील प्रत्येक ओळ वेगळी वाचावी. अनुदान परत करायचे नसते, कर्ज मात्र फेडावे लागते, आणि ‘वर्क’ या शब्दाने दाखवलेली रक्कम मुलीने महाविद्यालयात काम करून कमवायची असते. ती पहिल्या दिवशी हातात नसते आणि सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपेक्षा अधिक काम करण्यास विद्यार्थी व्हिसा परवानगी देत नाही. आरोग्य विमा मदतीत आहे का, शुल्क वाढले की मदतही वाढते का आणि ती चार वर्षे कायम राहते का, हे तीन प्रश्न लेखी विचारून घ्यावेत. रक्कम थोडक्यात कमी पडत असेल, तर पुराव्यांसह फेरविचाराची विनंती करता येते. निवास आणि भोजनासाठी मिळणारे अनुदान अमेरिकेत करपात्र असते व त्यावर बहुधा १४ टक्के कपात होते, हे फार कमी पालकांना ठाऊक असते. भारत-अमेरिका कर कराराच्या २१व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट मिळते आणि हा भार बराच हलका होतो. त्यासाठी मुलीने दरवर्षी विवरणपत्र भरले पाहिजे. व्हिसासाठी १८५ डॉलर आणि सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीसाठी ३५० डॉलर असा खर्चही बाजूला ठेवावा. २०२५ च्या उन्हाळ्यात व्हिसाच्या मुलाखती काही आठवडे थांबल्या होत्या आणि त्यानंतर अर्जदारांना समाजमाध्यमांवरील खाती सर्वांना दिसतील अशी ठेवण्यास सांगण्यात आले. तेव्हा आय-२० हाती येताच मुलाखतीची तारीख घ्यावी.

एवढे सगळे करूनही कोठेच प्रवेश मिळाला नाही, असे होऊ शकते. हे मुलीला आजच मोकळेपणाने सांगा, कारण ही मदत मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांची स्पर्धा अतिशय तीव्र आहे आणि तेथील नकार हा तिच्या कुवतीवरचा निकाल नसतो. भौतिकशास्त्र शिकू इच्छिणाऱ्या मुलीसाठी आपल्या घरापासून काही तासांवर पुण्याची आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) आहे, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आहे, चेन्नईचे गणितीय संस्थान आहे. या संस्थांतून दरवर्षी विद्यार्थी अमेरिकेत पीएचडीसाठी जातात. तेथे भौतिकशास्त्राच्या पीएचडीत विद्यार्थ्याला बहुधा शुल्कमाफी मिळते आणि अध्यापन किंवा संशोधनाच्या कामाचे विद्यावेतनही मिळते. म्हणजे चार-पाच वर्षांनी तीच मुलगी घरातून फारसा पैसा न घेता त्याच विद्यापीठांत पोहोचू शकते, ज्यांच्या पदवीसाठी आज ७९ लाख वर्षाला मोजावे लागतात. आपल्या यादीत म्हणूनच आयसरला शेवटचा नव्हे, बरोबरीचा मान द्यावा. आयसरच्या प्रवेश परीक्षेचे अर्ज साधारण मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे अमेरिकेचे निकाल लागण्याच्या सुमारासच सुरू असतात. ते निकाल येण्याची वाट न पाहता तो अर्ज आधी भरून टाका.